चरवीवरचं नाव

वरवट बकालच्या बाजारातून सातपुड्याकडे तोंड करून निघालं की पांदीच्या गाडीवाटेला लागून उत्तमरावांचं वावर लागतं. दिवस कलला की त्या वावरातून एका बाईची हाक येते. हुर्र हुर्र हुर्र हेऽऽ हाऽऽ. शेवटचा 'हा' असा वर चढतो आणि मध्येच तुटतो, की नवखा माणूस गाडी थांबवून इकडेतिकडे बघतो. तुरीत कोणी दिसत नाही, धुऱ्याच्या बांधावर कोणी दिसत नाही. गावातला माणूस मात्र मानही वळवत नाही. त्याला ठाऊक असतं, ती उत्तमरावांची अन्नपूर्णाबाई. बाई जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, वावर अजून तीच राखते.

नीट सांगतो, नाहीतर भुताची गोष्ट समजून ऐकाल. आमच्या भागात रोह्यांनी आणि रानडुकरांनी माणसाला रडकुंडीला आणलं आहे. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय आहे म्हणून शहरातले लोक हात जोडतात. एकदा कळप तुरीतून फिरून गेला की मग कळतं ती कशी गाय असते. रात्रीची जागल करून करून माणूस किती करणार? मग बाजारात भोंगे आले. बॅटरीवर चालतात, वर उन्हावर चार्ज होणारी पाटी, आत मेमरी कार्ड. आपला आवाज एकदा भरायचा आणि खांबाला टांगून द्यायचा, तो तेच ते ओरडत राहतो. कोणी कुत्र्याचं भुंकणं भरतं, कोणी फटाके. एका बहाद्दरानं सासऱ्याचा खोकला भरला होता, आणि खोटं कशाला बोलू, रोही त्यालाही भ्याले.

उत्तमरावांनी भोंगा आणला तेव्हा आधी स्वतःचा आवाज भरून पाहिला. अन्नपूर्णाबाई पदर तोंडाशी धरून हसली.

"तुमच्या आवाजानं रोही भेन काय? थे तं जोळ येऊन इचारन, काय म्हनता म्हनून."

खरंच होतं ते. उत्तमराव म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. हो म्हणायचं तर मुंडी खाली, नाही म्हणायचं तर मुंडी आडवी, एवढ्यावर त्यांचा अख्खा संसार झाला. बाजारात भाव करायचा तोही बाईनंच. तेव्हा आवाजही तिनंच भरला. उत्तमरावांनी भोंगा धरला, बटण दाबलं, आणि तिनं कमरेवर हात ठेवून तीनदा हाक दिली. मग त्यांच्याकडे वळून तिनं विचारलं, "झालं काय जी?"

उत्तमरावांनी मुंडी हलवली आणि बटण बंद केलं.

झालं, तेही भोंग्यात भरलं गेलं. तीन हाका, मग "झालं काय जी?", मग बटणाचा टक. पुसायचं कसं ते उत्तमरावांना येईना, आणि बाई म्हणाली, राहू द्या, रोह्याले कोठी समजते. त्या हिवाळ्यात तुरी चांगल्या झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात बाई तापानं आजारी पडली ती उठलीच नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि घर खायला उठलं. पोरगी रुपाली पुण्याला असते, ती बापाला घेऊन गेली. उत्तमराव तिकडे काही दिवस राहिले. जावई भला माणूस. पण खालच्या दुकानात "मले बिडी द्या" म्हटलं की दुकानदार हसून बघायचा, आणि मग ते बिडीसुद्धा बोट दाखवून मागू लागले. परत आले तेव्हा पहिलं वावरात गेले. दिवस कलला होता. भोंगा लावला. तीन हाका झाल्या आणि बाईनं विचारलं, "झालं काय जी?"

"हाव," उत्तमराव म्हणाले.

आयुष्यभर ज्यानं मुंडीवर काम भागवलं, तो माणूस रोज संध्याकाळी धुऱ्यावर बसून भोंग्याला उत्तर द्यायला लागला. भोंगा पुन्हा पुन्हा विचारायचा, ते पुन्हा पुन्हा सांगायचे. पहिल्या वेळी तोंडानं सांगितलं नाही ना, त्याची ही भरपाई होती. अंधार पडला की घरी जायचे, भाकर थापायचे, कच्ची-पक्की खायचे. असं चाललं होतं.

एके दिवशी गावातला संघर्ष नावाचा पोरगा आला. याचं बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत तो कॉम्प्युटरवर गाणी जोडतो. कुठला तरी ढोल घ्यायचा, कुठली तरी बासरी, त्यात तिसराच कोणाचा आवाज, आणि त्याचं नवंच काहीतरी करायचं. लग्नातले डीजे त्याच्याकडूनच माल नेतात. पोरगा गुणी, पण मुद्द्यावर यायला वेळ फार. तुरीचं विचारलं, पाण्याचं विचारलं, बैल कुठे आहेत म्हणाला. बैल विकून जमाना झाला होता.

"ताकाले आला तं भांडं काऊन लपवतं बे?" उत्तमराव म्हणाले.

संघर्ष ओशाळला. "काका, काकूचा आवाज पाह्यजे होता."

मग त्यानं सगळं सांगितलं. इंटरनेटवर एक जागा आहे, जगभरातले लोक तिथे आपापले आवाज ठेवतात. कोणी रेल्वेचा, कोणी पाखरांचा, कोणी आपल्या गाण्याचा. ज्याला गाणं बनवायचं तो त्यातून घेतो, कापतो, जोडतो. संघर्षही तिथूनच घेतो. आजवर नुसतं घेतच आलो, आता आपल्या गावचं काहीतरी तिथे ठेवावं असं त्याच्या मनात आलं होतं, आणि असा आवाज त्यानं कुठे ऐकला नव्हता.

"पन ठेवतानी सांगा लागते का लोकाईनं त्याचं काय करावं," तो म्हणाला. "एक परवानगी अशी का कोनीबी घ्या, काईबी करा, नाव नाई सांगतलं तरी चालते. दुसरी म्हंजे घ्या, कापा, जोडा, पन कोनाचं हाय थे सांगा. कोनी म्हनते नाव बी सांगा अन त्याच्यावर धंदा बी नोका करू. अन एक अशी हाय का नाव सांगा, अन तुमी जे बनवसान थे बी असंच लोकाईले मोकळं सोडा. तुमाले कोनती पाह्यजे?"

उत्तमराव तुरीकडे बघत बसले. त्यांच्या घरी एक म्हैस होती तोवर रोज ताक व्हायचं, आणि सकाळी दारात भांडी घेऊन बायका यायच्या. जिच्याजवळ भांडं नसेल तिला अन्नपूर्णाबाई आपल्या चरवीत घालून द्यायची. ताक विकायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. आणि दिलेलं सांगायचं नसतं, ही त्याहून मोठी रीत. ज्यानं देऊन नाव सांगितलं त्याचं देणं मातीत गेलं, असं उत्तमरावांची आई म्हणायची.

"ताक देतानी कोनी आपलं नाव सांगते काय?" ते म्हणाले. "थे पह्यली टाक."

"काका, एकडाव सोडलं का वापस नाई घेता येत. इचार करा."

"ताक वापस मांगते काय कोनी?"

संघर्षनं भोंग्यातलं कार्ड काढून आवाज मोबाईलवर उतरवून घेतला. शेवटचा प्रश्न ऐकून तो थांबला. "हे कापतो, काका. हे नाई पाह्यजे." उत्तमरावांनी मुंडी हलवली. त्यांना बरंच वाटलं. जगाला हाक जाऊ दे, प्रश्न त्यांचा होता.

पुढे महिने गेले आणि ते विसरूनही गेले. लग्नसराईत एका संध्याकाळी ते बाजारात तेल आणायला गेले होते. समोरून वरात आली. डीजेच्या भिंती दणदणत होत्या, पोट्टे घामाघूम नाचत होते, आणि एकदम ढोल थांबला. हुर्र हुर्र हुर्र हेऽऽ हाऽऽ. शेवटचा 'हा' तुटला त्याच जागी ढोल पुन्हा कोसळला आणि सगळी वरात एकदम उडाली.

उत्तमराव तेलाची बाटली धरून उभे राहिले. मग त्यांना चक्क हसू आलं. जी बाई देवळातल्या भजनातही मागे बसायची, तिच्या आवाजावर अख्खा बाजार नाचत होता. त्यांना वाटलं, कोणाला तरी सांगावं. ते कधी नाही ते आपण होऊन डीजेवाल्याजवळ गेले आणि विचारलं, हा आवाज कोणाचा?

डीजेवाल्यानं मोबाईल पुढे केला. गाण्याखाली कुठल्याशा दूरच्या माणसाचं नाव होतं. त्यानं आवाजही आपलाच म्हणून टाकला होता. त्याखाली लोकांनी वाद घातलेला.

"कोनी म्हनते साऊथची बाई हाय," डीजेवाला म्हणाला. "पन जास्त लोकं म्हनतेत का थे बाईच नोहे. मशीननं बनवेल आवाज हाय काका. आजकाल बनवते ना."

उत्तमराव तेलाची बाटली घेऊन घराकडे वळले. बाई चोरली असती तरी चाललं असतं. इथे तर बाई नव्हतीच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते संघर्षच्या पायरीवर बसले होते. "थे वापस घे."

संघर्षनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाई घेता येत, काका. त्या मानसानं चोरी बी नाई केली. आपनच म्हनलो का नाव नाई सांगतलं तरी चालते." त्यानं मोबाईलवर मूळ आवाज काढला. "एक होऊ शकते. अख्खा आवाज टाकू, शेवटच्या प्रश्नासगट. थो आपन अजून कोनाले देल्ला नाई. त्याच्यावर नावाची परवानगी टाकू. ज्यानं आयकलं त्याले समजीन का हे मशीन नोहे, वावरात उभी राहून बाई आपल्या मानसाले इचारून राह्यली. पन मंग थे बी मोकळं होईन. थे बी लोकं कापतीन, जोडतीन."

उत्तमराव उठले आणि निघाले. इकडे आड तिकडे विहीर. प्रश्न दिला नाही तर बाई जगासाठी खोटी ठरत होती. दिला, तर तिचं त्यांच्यापाशी उरलेलं शेवटचं बोलणं कोणाच्या वरातीत वाजेल याचा नेम नव्हता. त्या संध्याकाळी भोंग्यानं विचारलं, "झालं काय जी?" आणि त्यांना हाव म्हणता येईना. त्या आठवड्यात ते भोंगा लावून तडक घरी येत राहिले, धुऱ्यावर बसले नाहीत. रुपालीचा फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे म्हणाले. रोह्यांना काही फरक पडला नाही, पण उत्तमरावांच्या घरात आता खरोखर कोणीच बोलत नव्हतं.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी घरोघर साफसफाई निघते. शेजारच्या कोकिळाबाईंनी माळ्यावरची भांडी उतरवली आणि त्यातली एक पितळी चरवी चिंचेनं लख्ख घासून त्या उत्तमरावांच्या दारात आल्या.

"भाऊजी, हे तुमची चरवी. ताकाची आनली होती, माह्याकडेच राहून गेली. आता नाव दिसलं तं समजलं. वैनीच्या साऱ्या भांड्याईवर हेच नाव हाय."

चरवीत त्यांनी ओंजळभर ज्वारी घातली होती. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. उत्तमरावांनी ज्वारी सुपात ओतली आणि चरवी उजेडाकडे फिरवली. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, पंचफुला.

ते तिथेच उंबऱ्यावर बसले. हे नाव या घरात कोणी घेतलं नव्हतं. बाईचा बाप सातपुड्याच्या पायथ्याचा, हौशी माणूस. पोरीचं लग्न ठरल्याबरोबर त्यानं आंदणाची भांडी घेतली आणि घाईघाईनं त्यांवर पोरीचं नाव घालून टाकलं. इकडे लग्नात उत्तमरावांच्या आत्यानं ठरवलं, पंचफुला काय नाव आहे, अन्नपूर्णा ठेवा. ताटात तांदूळ पसरले, आणि उत्तमरावांनी अंगठीनं त्यात अन्नपूर्णा लिहिलं. सासूला त्या भांड्यांची लाज वाटायची. ती भांडी मागच्या फळीवर गेली, आणि ताक द्यायला तेवढी उपयोगी पडली.

आणि ती हाक? तीही त्या भांड्यांबरोबरच आलेली. इकडच्या बायका राखणीला साधं हाड्‌ हाड्‌ करतात. ही डोंगराची हाक, तिच्या आईची, तिच्या आजीची. पहिल्या वर्षी हिनं ती वावरातल्या राखणीच्या माळ्यावरून दिली तेव्हा सगळ्या वावरांतल्या बायका हसल्या होत्या, आणि उत्तमरावांनी तिला काही म्हटलं नव्हतं, गप रहा म्हणून नाही आणि देत जा म्हणूनही नाही.

ताकावर नाव नसतं, हे त्यांचं बरोबरच होतं. पण ताक ज्या भांड्यातून जातं त्यावर असतं. म्हणून तर ते दारात परत येतं. एवढी साधी गोष्ट, डोळ्यासमोर असून सुचली नाही. त्यांना स्वतःचा राग आला, आणि मग एकदम इतकी आठवण आली की चरवी मांडीवर घेऊन ते रडले. कोकिळाबाई पदर सावरत मागच्या मागे निघून गेल्या.

दुपारी ते चरवी काखेत मारून बाजारातून चालले तेव्हा लोकांना वाटलं, मोडीत घालायला निघाले. ते संघर्षच्या दुकानात शिरले.

"अख्खा टाक. प्रश्नासगट."

"नावाचीच परवानगी ना?"

"नावाची. अन थे दुसरीबी, जो घेईन त्यानं बी मोकळंच सोडाचं. ज्यानं आपल्या इरजनाचं दही लावलं, त्यानं दुसऱ्याले इरजन द्यावं."

"अन धंद्याचं? धंदा नोका करू म्हनाचं?"

उत्तमरावांनी विचार केला. "करू दे. वरातीत वाजवनारा बी पोटासाठीच वाजवते. नाव सांगा म्हना फक्त."

संघर्षनं टाईप करायला घेतलं. "अन्नपूर्णाबाई उत्तमराव..."

"नाई."

"मंग?"

आता पंचाईत. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. नवरा तरी कुठे घेतो? 'अवं', 'आयकलं काय वं', पोरगी झाल्यावर 'रुपालीची माय'. उत्तमरावांनी जन्मात तिला नावानं हाक मारली नव्हती, ना या, ना त्या. त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. मग त्यांनी चरवी टेबलावर ठेवली, ठिपके संघर्षकडे फिरवले आणि बोट ठेवलं.

"वाच."

"पंचफुला," संघर्षनं वाचलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "पुढं तुमचं नाव टाकू?"

"माहं कायले? हाक तिची हाय."

त्यानंतर पुष्कळ दिवस काहीच झालं नाही. वरातीतलं गाणं वाजायचं तसं वाजत राहिलं, त्याखालचं नाव बदललं नाही, मशीन म्हणणारे मशीनच म्हणत राहिले. संघर्षनं एकदोनदा तिथे लिहिलं की ही बाई आमच्या गावची होती. कोणी लक्ष दिलं नाही. उत्तमरावांनी विचारणं सोडून दिलं. ते पुन्हा धुऱ्यावर बसू लागले होते, पण नुसते बसायचे.

मग तुरी फुलात आल्या होत्या तेव्हा एका संध्याकाळी संघर्ष गाडी घेऊन वावरात आला. भोंगा अजून लावायचा होता. तो म्हणाला, एका परक्या देशातल्या बाईनं काकूचा आवाज घेतला आहे, ऐका. ढोल नव्हता. कुठलंसं तारेचं वाद्य हळू वाजत होतं, त्यात लांबून हाक आली, मग वाद्यही थांबलं आणि तेवढंच ऐकू आलं, "झालं काय जी?" पुढे तिनं काहीच वाजवलं नव्हतं. बराच वेळ रिकामी जागा सोडली होती. तिला आपली भाषा येत नव्हती, पण विचारलेलं आहे एवढं तिला कळलं होतं.

"खाली काय लिहेल हाय?" उत्तमरावांनी विचारलं.

"नावच हाय. त्याईच्या अक्षरात."

"म्हनून दाखव."

"आवाज, पंचफुला. वरवट बकाल, जिल्हा बुलढाना."

उत्तमरावांनी मुंडी हलवली. संघर्षला वाटलं काका आणखी काही बोलतील, पण ते उठून खांबाकडे गेले, तेव्हा तो गाडी वळवून निघाला. त्याच्या गाडीचा आवाज पांदीत विरेपर्यंत उत्तमराव थांबले. मग त्यांनी भोंगा लावला आणि धुऱ्यावर येऊन बसले. हाका झाल्या. तुरीत काहीतरी खसफसलं आणि लांब गेलं.

"झालं काय जी?"

"हाव वं, पंचफुला," उत्तमराव म्हणाले. "झालं."

टक झालं, आणि भोंग्यानं पुन्हा पहिल्यापासून हाक सुरू केली.